गोठ्यातली पंगत आणि वहीतला हिशेब

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत आता गोठा नाही. टिळकवाडीत, शहापुरात, वडगावात वाढलेल्या आपल्या पिढीचा दुधाशी संबंध सकाळी पिशवी फोडण्यापुरता उरला आहे. तरी जवळपास प्रत्येक घराचे एक टोक अजून गावाकडे बांधलेले असते. कुणाचे मामा, कुणाची आत्या, कुणाचे चुलत घर. तिथे दोन-तीन म्हशी असतात, आणि दिवाळीला घरचा कुंदा खाताना आपण दुधाचे कौतुक करतो. ते दूध काढणाऱ्यांना ते परवडते का, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही.

आमच्या निपाणीजवळच्या गावच्या घरात हा प्रश्न गेल्या वर्षी अगदी समोर येऊन ठेपला. काकांचे वय ६३. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला. गोठ्यात तीन म्हशी. काका म्हणाले, "दिवाळी झाली की दोन बाजारात काढतो. दूध परवडत नाही." घरात कुणी विरोध केला नाही, कारण असे वाक्य हल्ली दर दोन घरांआड ऐकू येते. मी बेळगावात एका हिशेबनिसाच्या ऑफिसात काम करते. "परवडत नाही" हे आमच्या धंद्यात वाक्य नसते, तो आकडा असतो. म्हणून मी एवढेच विचारले, "काका, किती परवडत नाही?" त्याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. दूध किती जाते ते डेअरीच्या पुस्तकात लिहिलेले होते. जनावर खाते किती, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

दुभत्या जनावराच्या रोजच्या खर्चात साठ ते सत्तर टक्के वाटा एकट्या चारा-खाद्याचा असतो. तोच खर्च अंदाजाने चालत असेल, तर बाकीच्या हिशेबाला फारसा अर्थ राहत नाही. त्या सुट्टीत मी पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारत, पुस्तके चाळत हे गणित शिकले. ते दहावीच्या गणितापेक्षा अवघड नाही. तुमच्यापैकी कुणाच्याही गावी ते उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तीन आकडे

म्हशीला रोज किती खायला लागते, याचे उत्तर एका आकड्यात मिळत नाही. निदान तीन आकडे लागतात.

पहिला, शुष्क पदार्थ. म्हणजे चाऱ्यातले पाणी वजा करून जे उरते ते. वीस किलो हिरवे उसाचे वाढे दिसायला भला मोठा भारा असतो, पण त्यात शुष्क पदार्थ साधारण २८ टक्के, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. उरलेले पाणी. उलट, चार किलो वाळला कडबा दिसायला थोडा, पण त्यात साडेतीन किलोहून जास्त शुष्क पदार्थ. म्हैस दिवसाला आपल्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ खाऊ शकते. त्यापुढे पोटात जागा नसते. घरी पडताळायचे असेल तर एक किलो कापलेली वैरण उन्हात कडकडीत वाळवा आणि पुन्हा तोला. उरले ते साधारण तेच.

दुसरा, पचनीय प्रथिने. अंग भरायला, दूध तयार व्हायला आणि पोटातल्या वासराला लागतात ती. खाद्याच्या पोत्यावर जी प्रथिने छापलेली असतात ती एकूण प्रथिने. जनावराच्या अंगी त्यातली पचणारीच लागतात.

तिसरा, एकूण पचनीय घटक. याला बहुतेक ठिकाणी टीडीएन म्हणतात. ही ऊर्जेची मोजणी. खाल्लेल्यातून किती किलो खरोखर पचून कामाला आले, असा त्याचा साधा अर्थ.

याशिवाय कॅल्शियम, फॉस्फरस, मीठ आणि जीवनसत्त्वे असतात. त्यांच्याकडे पुढे येते. पण हे तीन आकडे जमले की निम्म्याहून जास्त काम झाले.

जनावराची गरज दोन भागांत मोजतात. एक भाग जगण्यासाठी. म्हैस दूध देवो न देवो, श्वास घ्यायला, चालायला, अंग ऊबदार ठेवायला तो लागतोच. दुसरा भाग दुधासाठी. तो लिटरप्रमाणे वाढतो, आणि दुधाला फॅट जितके जास्त तितका तोही जास्त. भारतात वापरल्या जाणाऱ्या तक्त्यांप्रमाणे साडेचारशे किलोच्या म्हशीला नुसते जगायला सुमारे ३.४ किलो टीडीएन आणि २८० ग्रॅम पचनीय प्रथिने लागतात. सात फॅटच्या प्रत्येक लिटरला आणखी ०.४६ किलो टीडीएन आणि ६३ ग्रॅम प्रथिने. गाभण म्हशीला शेवटच्या दोन महिन्यांत पोटातल्या रेडकासाठी साधारण ०.७ किलो टीडीएन आणि १४० ग्रॅम प्रथिने वर.

टेपने वजन

पहिली अडचण लगेच आली. म्हशीचे वजन कसे करायचे? गावात तेवढा काटा नव्हता. पण शिंप्याची टेप होती, आणि त्यासाठी एक जुने सूत्र आहे. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजायचा. खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी इंचांत मोजायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ३००. उत्तर पौंडात येते.

आमच्या चंद्रीचा घेर ७६ इंच भरला आणि लांबी ५२ इंच. ७६ चा वर्ग ५,७७६. त्याला ५२ ने गुणले आणि ३०० ने भागले, की १,००१ पौंड. म्हणजे ४५४ किलो. काकांनी डोळ्यांनी सांगितले होते, "चार-साडेचारशे असेल." त्यांचा डोळा चुकला नव्हता. फक्त तो आकडा आजवर कुठल्या गणितात वापरला गेला नव्हता. बाकी दोघीही थोड्याफार फरकाने तेवढ्याच भरल्या, म्हणून हिशेबाला तिघी ४५० किलोच्या धरल्या.

तिघींची एकच पंगत

आता गोठ्यातली परिस्थिती. चंद्री दोन महिन्यांपूर्वी व्यालेली, दोन्ही वेळचे मिळून नऊ लिटर दूध. गंगी सात महिन्यांपासून दुधात, आता चार लिटरवर आलेली. राणी आटलेली, शेवटच्या दोन महिन्यांची गाभण, दूध शून्य.

आणि तिघींना रोज मिळत होते ते अगदी सारखे. वीस किलो उसाचे वाढे, चार किलो जोंधळ्याचा कडबा, तीन किलो सरकी पेंड. काकू पेंड भिजवायची आणि तीन घमेल्यांत समान वाटायची. एकाही घमेल्यात मूठभर कमी-जास्त नाही.

मी वहीत मांडले. वाढे आणि कडबा मिळून प्रत्येकीला साधारण ४.६ किलो टीडीएन आणि १४८ ग्रॅम पचनीय प्रथिने मिळत होती. सरकी पेंडीत टीडीएन सुमारे ६५ टक्के आणि पचनीय प्रथिने सुमारे १७ टक्के धरली, तर तीन किलोतून १.९५ किलो आणि ५१० ग्रॅम. एकूण प्रत्येकीच्या पोटात ६.५५ किलो टीडीएन, ६५८ ग्रॅम प्रथिने.

गरज मात्र अशी निघाली.

चंद्री, नऊ लिटर: ७.५४ किलो टीडीएन, ८४७ ग्रॅम प्रथिने.
गंगी, चार लिटर: ५.२४ किलो टीडीएन, ५३२ ग्रॅम प्रथिने.
राणी, गाभण: ४.१० किलो टीडीएन, ४२० ग्रॅम प्रथिने.

म्हणजे चंद्रीला रोज जवळजवळ एक किलो टीडीएन आणि १८९ ग्रॅम प्रथिने कमी पडत होती. गंगीला १.३ किलो टीडीएन आणि १२६ ग्रॅम प्रथिने जास्त जात होती. राणीला तर जवळजवळ अडीच किलो टीडीएन आणि २३८ ग्रॅम प्रथिने जास्त. तिघींची बेरीज केली तेव्हा मी दोनदा तपासली. तिघींची मिळून गरज १६.८८ किलो टीडीएन, आणि गोठ्यात पडत होते १९.६५ किलो. प्रथिनांची गरज १,७९९ ग्रॅम, पडत होती १,९७४ ग्रॅम. गोठ्यात खाद्य कमी नव्हते. उलट जास्तच होते. आणि तरी जी घर चालवत होती तीच अर्धपोटी होती.

यावर कुणी विचारेल, चंद्री अर्धपोटी होती तर नऊ लिटर दूध देत कशी होती? ती अंगावरची चरबी झिजवून देत होती. व्यालेली म्हैस सुरुवातीला हे करतेच. पण तूट लांबली की बरगड्या दिसायला लागतात, दूध वेळेआधी उतरते, आणि सगळ्यात महागाची गोष्ट म्हणजे ती माजावर यायला उशीर करते. माज लांबला की पुढचे वेत लांबले, आणि मधले सगळे महिने भाकड खायला घालायचे. "परवडत नाही" यातला मोठा भाग इथे दडलेला असतो. तो डेअरीच्या पुस्तकात कधी दिसत नाही.

जास्तीच्या बाजूलाही नुकसान आहे. लागतात त्याहून जास्त प्रथिने गेली की ती साठून राहत नाहीत. शरीर त्यांचा युरिया करून मूत्रावाटे टाकते, आणि त्या कामालाही ऊर्जा खर्ची पडते. राणीच्या घमेल्यातली महागाची पेंड रोज थोडी थोडी उकिरड्यात चालली होती. ऊर्जा जास्त झाली तर ती चरबी होऊन बसते, आणि फार लठ्ठ झालेल्या गाभण म्हशीला विताना आणि नंतरही त्रास होऊ शकतो.

काकूचा आक्षेप

काकांनी वही लगेच मान्य केली. अडले काकूपाशी. ती म्हणाली, "दावणीला तिघी. एकीला चार किलो आणि दुसरीला दोन, हे माझ्या हातून व्हायचं नाही. पंगतीत बसलेल्याला कुणी कमी वाढतं का? लेकरांत भेद करतं का कुणी?"

हा आक्षेप मला खरंच हलका वाटला नाही. ज्या घरात अन्न मोजून वाढणे हा अपमान समजतात, तिथे मुक्या जनावराला मोजून घालणे तिला कंजूषपणा वाटणारच. तिने आयुष्यभर पाळलेला न्याय तो होता. मी म्हटले, "काकू, आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू करतेस, अळीव करतेस. ते सगळ्या घराला वाटतेस का?"

"बाळंतिणीची गोष्ट वेगळी."

"चंद्री बाळंतीणच आहे."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "असं सांगायचं की मग. टीडीएन-टीडीएन काय लावलंयस मघापासून." दुसऱ्या दिवसापासून तीन घमेली तीन मापांची झाली.

समतोल आहाराचा अर्थ मला तिच्यामुळे नीट कळला. समान वाढणे म्हणजे न्याय नव्हे. ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे आणि अवस्थेप्रमाणे वाढणे हा न्याय. ही गोष्ट आपल्या घरांना आधीपासून ठाऊक आहे. ती फक्त गोठ्यापर्यंत पोचलेली नसते.

नवीन माप

वाढे आणि कडबा तिघींना पूर्वीइतकाच ठेवला. बदल फक्त आंबोणात केला. चंद्रीला चार किलो सरकी पेंड आणि अर्धा किलो मक्याचा भरडा, कारण तिला प्रथिनांबरोबर ऊर्जाही हवी होती. गंगीला सव्वादोन किलो पेंड. राणीला सुमारे १.६ किलो. चंद्रीचा शुष्क पदार्थ सव्वातेरा किलोच्या आसपास आला. तिची कमाल साडेतेरा, म्हणजे बसत होते, पण जेमतेम. तिला याहून जास्त भारा टाकला असता तर ती खाऊच शकली नसती. म्हणून जास्त दूध देणाऱ्या जनावराला चाऱ्याचा ढीग वाढवून भागत नाही. तेवढ्याच जागेत अधिक सत्त्वाचे खाद्य बसवावे लागते.

पैशाकडे बघू. पूर्वी रोज नऊ किलो पेंड लागत होती, आता ७.८५ किलो आणि अर्धा किलो भरडा. पेंड ३६ रुपये आणि भरडा २६ रुपये किलो धरला, तर रोजचे साधारण २८ रुपये वाचतात. त्यातले १५ रुपये आम्ही लगेच खनिज मिश्रणावर घातले. उरले १३ रुपये. कुणाला वाटेल, एवढ्यासाठी एवढे गणित? पण १३ रुपये हा खरा फायदा नव्हे. खरा फायदा चंद्रीने अंग न झिजवता दूध टिकवण्यात, वेळेवर माजावर येण्यात आणि राणीने सुखरूप विण्यात आहे. तो वर्षाच्या शेवटी मोजायचा असतो.

माप एका दिवसात बदलले नाही. दहा-बारा दिवस लावून थोडे थोडे सरकवले. म्हशीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात, आणि वैरण खरे तर ते पचवतात. त्यांना नव्या खाद्याची सवय व्हायला वेळ लागतो. एकदम जास्त धान्य किंवा भरडा गेला तर पोटात आम्ल वाढते, आणि जनावर आजारी पडू शकते, दगावूही शकते. बेंदराला बैलांना पुरणपोळी भरवताना, किंवा लग्नातला उरलेला भात गोठ्यात ओतताना हे ध्यानात ठेवावे. नैवेद्यापुरता घास चालतो. घमेलेभर चालत नाही.

वाढ्यांतला चोर

आपल्या सीमाभागात आणि शेजारच्या कोल्हापूर-सांगलीत उसाच्या हंगामात म्हशी वाढ्यांवरच जगतात. वाढे स्वस्त किंवा फुकट मिळतात, आणि म्हशी आवडीने खातात. पण त्यांत ऑक्झॅलेट नावाचा घटक असतो. तो पोटात कॅल्शियमला बांधून ठेवतो, आणि बांधलेले कॅल्शियम जनावराच्या अंगी लागत नाही. दुधातून मात्र कॅल्शियम रोज बाहेर जातच असते. व्याल्यानंतर एक-दोन दिवसांत म्हैस थंड पडते, मान पोटाकडे वळवून बसते, उठत नाही, त्याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंग थंड असते. यामागे रक्तातले कॅल्शियम अचानक उतरणे हे कारण असते. राणी मागच्या वेताला अशीच बसली होती. डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचली.

यावर उपाय साधे आहेत. वाढे हा एकमेव चारा ठेवू नये, कडबा किंवा दुसरी हिरवी वैरण सोबत असावी. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, ती याचसाठी. आणि दुभत्या म्हशीला रोज साधारण ५० ग्रॅम चांगले खनिज मिश्रण आणि थोडे मीठ द्यावे. गाभण म्हशीच्या शेवटच्या आठवड्यांत मात्र कॅल्शियम वाटेल तसे वाढवू नये. त्या काळात जास्त कॅल्शियम मिळाले, तर शरीर हाडांतून ते काढून घेण्याची सवय सोडते, आणि व्याल्यावर अचानक गरज पडली की गडबडते. राणीचे त्या दिवसांतले माप आम्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवले.

चौकोनाची युक्ती

घरी आंबोण मिसळायचे असेल तर एक युक्ती शिकून ठेवा. तिला पिअर्सनचा चौकोन म्हणतात. समजा, आपल्याला १८ टक्के प्रथिनांचे मिश्रण हवे. घरात शेंगदाणा पेंड आहे, तिच्यात साधारण ४५ टक्के प्रथिने, आणि मक्याचा भरडा आहे, त्यात साधारण ९ टक्के.

चौकोनाच्या मध्यभागी १८ लिहा. डाव्या वरच्या कोपऱ्यात ४५, डाव्या खालच्या कोपऱ्यात ९. आता तिरके वजा करा. ४५ मधून १८ गेले, २७. ते समोरच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, म्हणजे भरड्याच्या रेषेत. १८ मधून ९ गेले, ९. ते उजव्या वरच्या कोपऱ्यात, पेंडीच्या रेषेत. म्हणजे ९ भाग पेंडीला २७ भाग भरडा. एकाला तीन. पडताळा घ्या: तीन किलो भरड्यात २७० ग्रॅम, एक किलो पेंडीत ४५० ग्रॅम, मिळून चार किलोत ७२० ग्रॅम. बरोबर १८ टक्के. शेंगदाणा पेंड घेताना बुरशीचा वास येत नाही ना, एवढे बघा. बुरशीतले विष दुधात उतरू शकते.

कागदापासून फोनपर्यंत

हा हिशेब आपल्या काकांनी केला नाही म्हणून ते मागे पडले, असे समजू नका. जगालाही तो शिकायला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत आल्ब्रेख्ट थेअर या शेतीतज्ज्ञाने प्रत्येक चाऱ्याची किंमत वाळल्या गवताच्या मापात मांडली. अमुक इतके बीट म्हणजे इतके गवत, अशी. पुढे १८६० च्या दशकात तिथल्याच वेंडे इथल्या प्रयोगशाळेत चाऱ्यातली प्रथिने, तंतू, स्निग्धांश वेगवेगळे मोजण्याची पद्धत बसली. आजही खाद्याच्या पोत्यावर जे आकडे छापतात, त्यांचे मूळ तिथे आहे.

त्यापुढचा प्रश्न होता तो सगळ्यात स्वस्त मिश्रणाचा. इथे एक गंमत आहे. १९४५ साली अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी माणसाच्याच आहाराचे कोडे मांडले होते. ७७ पदार्थांमधून सगळे पोषक घटक पुरतील असा सर्वांत स्वस्त वर्षभराचा आहार कोणता? त्यांनी ते अंदाज आणि चिकाटीने सोडवले. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांच्या नव्या गणिती पद्धतीने तेच कोडे पुन्हा सोडवले गेले. नऊ जणांनी हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर काम केले, आणि ते १२० मनुष्यदिवसांचे झाले. उत्तर स्टिगलर यांच्या उत्तरापेक्षा वर्षाला काही सेंटच कमी निघाले. माणसे अर्थातच असा आहार खात नाहीत, त्यांना चव लागते. पण पशुखाद्य बनवणाऱ्यांना हीच पद्धत हवी होती, आणि आज जगभरचे खाद्य-कारखाने ती वापरतात. आपल्यापैकी जे संगणकावर एक्सेल वापरतात, त्यांच्याकडे सॉल्व्हर या नावाने ती पडूनच आहे.

आपल्या देशात गुजरातेतल्या आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने हे गणित गोठ्यापर्यंत नेले. राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात, २०११-१२ पासून, गावातल्याच तरुण-तरुणींना शिकवून त्यांच्या हाती ही आज्ञावली दिली गेली. ते गोठ्यात जात, जनावराच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचा क्रमांक घालत, घेर मोजत, दूध आणि फॅट विचारत, आणि घरात जो चारा आहे त्यातूनच स्वस्तात स्वस्त आहार सुचवत. २०२० मध्ये आलेल्या ई-गोपाला या सरकारी ॲपमध्येही पशुपोषणाची सोय आहे. म्हणजे वहीतले गणित आता फोनवर होते. पण मी तरी म्हणेन, एकदा वहीत करून बघा. फोन उत्तर देतो. वही सांगते ते उत्तर कुठून आले, आणि काकूला पटवायला तेच लागते.

तुमच्या गावी

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एक शिंप्याची टेप, एक हुकाचा काटा आणि एक वही घेऊन जा. एका सकाळी बसून एवढे लिहा: प्रत्येक जनावराचा घेर आणि लांबी, ते कधी व्याले किंवा कितवा महिना आहे, दूध किती, फॅट किती लागते. मग चारा आणि आंबोण खरोखर तोलून लिहा. "एक पाटी" किंवा "दोन मापटी" असे नको, किलोत. बऱ्याच घरांत पहिल्यांदा तोलल्यावरच कळते की पाटीत जेवढे समजत होतो तेवढे नव्हते.

मग आपण केला तसा हिशेब मांडा, आणि तो गावातल्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवा. मी वर दिलेले आकडे सरासरीचे आहेत. प्रत्येक चाऱ्याचा कस जमिनीप्रमाणे, वाणाप्रमाणे, कापणीच्या वेळेप्रमाणे बदलतो. म्हणून आकडा हा सुरुवात समजायचा, आणि पुढे जनावराकडे बघायचे. शेण फार पातळ की फार कडक, रवंथ व्यवस्थित चालते का, अंग भरते आहे की उतरते आहे, दूध टिकते का. हे बघणे काका-काकूंना आपल्यापेक्षा शंभर पटींनी चांगले येते. आपल्याला येते ते बेरीज-वजाबाकी. दोन्ही एकत्र आले तर काम होते.

आमच्या गोठ्याचे सांगायचे तर राणी व्याली, आणि यावेळी बसली नाही. चंद्रीचे दूध पुढचे तीन महिने आठ-नऊ लिटरच्या खाली आले नाही, आणि ती चौथ्या महिन्यात माजावर आली. गंगी मात्र काकांनी विकली, कारण हिशेबात ती खरोखरच परवडत नव्हती. तिचे वय झाले होते आणि दूध पुढे वाढायचे नव्हते. ती गेली तेव्हा काकू दिवसभर बोलली नाही. पण दोन म्हशी राहिल्या, आणि त्या का राहिल्या हे आता काकांना आकड्यात सांगता येते.

पुण्याच्या चुलत भावाने परवा फोन करून विचारले, की राणीच्या नव्या दुधाच्या मापाने आंबोण किती वाढवायचे. काकूने फोन माझ्याकडे दिला नाही. तिने वही काढली, चष्मा लावला आणि स्वतःच वाचून सांगितले.